डावी काख, उजवी काख: एका नैसर्गिक डिओचा शोध

प्रकरण पस्तिशीच्या एका बाईंचं आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्या तपासणी विभागात काम करतात, कायम पहिली शिफ्ट. माझं मेडिकल सिडकोत, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. मार्च संपता संपता त्या आल्या, दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत उगाच टूथपेस्टी बघत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, नैसर्गिक डिओ द्या. पण काम करणारा द्या." त्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

तक्रार अशी. सकाळी आंघोळ करून, धुतलेला युनिफॉर्म घालून निघायचं. दहाच्या चहापर्यंत काखेचा वास स्वतःलाच जाणवायला लागायचा. जेवणाच्या सुट्टीत त्या भिंतीकडेची जागा धरायच्या आणि परतीच्या कंपनीच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर. कुणी तोंडावर बोललं नव्हतं. एका मैत्रिणीने मात्र वाढदिवसाला डिओ भेट दिला होता. बायकांना अशा भेटीचा अर्थ बरोबर कळतो.

आधीचे उपाय पुष्कळ झाले होते. बाजारातल्या स्प्रेने काखेत बारीक पुरळ उठलं. मग ऑनलाइन मागवलेलं 'नैसर्गिक' क्रीम, त्यात खाण्याचा सोडा. ते सुरुवातीला झकास चाललं, नंतर आग व्हायला लागली आणि कातडी काळवंडली. त्यानंतर घरी केलेलं खोबरेल, आरारूट आणि सोड्याचं मिश्रण. खोबरेल साधारण २४ अंशांनाच वितळतं, म्हणजे नाशिकच्या मार्चात त्या डबीत वर तेल आणि खाली गाळ असा प्रकार. ते ब्लाउजला लागलं तो डाग अजून आहे. शेवटी 'अ‍ॅल्युमिनियम फ्री' असं ठळक छापलेला पारदर्शक खडा. तो संपत आला होता आणि वास होता तिथेच होता.

मी आधी एकच गोष्ट विचारली: त्रास ओलीचा आहे की वासाचा? हे दोन निरनिराळे त्रास आहेत आणि दुकानात येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते एकत्र बांधलेले असतात. या बाईंना घाम बेताचाच येत होता, शर्टावर ओली चकती दिसायची नाही. भांडण फक्त वासाशी होतं.

अंगभर ज्या ग्रंथी असतात त्यांचा घाम म्हणजे मीठपाणी. काखेत आणि जांघेत दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात, वयात आल्यावर त्या जाग्या होतात आणि जरा दाट, स्निग्ध स्राव सोडतात. त्या स्रावालाही स्वतःचा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू तो खातात आणि फोडतात, त्यातून तो उग्र, कांद्यासारखा दर्प सुटतो. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी या जिवाणूंपैकी एकाचं, स्टॅफिलोकॉकस होमिनिसचं, नेमकं ते विकरही (एन्झाइम) दाखवून दिलं, ज्याने गंधकयुक्त वासाची संयुगं तयार होतात. तेव्हा वास थांबवायचा तर ठिकाणं मोजकी आहेत: घामच कमी करा, जिवाणूंना जगणं अवघड करा, तयार झालेली वासाची आम्लं मारा, नाहीतर वर दुसरा वास फवारून झाका. बाजारातले बरेचसे स्प्रे शेवटचं काम करतात, जोडीला अल्कोहोलमुळे थोडं दुसरं. बाटलीवर पानांचं चित्र आहे की प्रयोगशाळेचं, याचा या साखळीशी काही संबंध नाही. आत काय आहे आणि ते यातलं कोणतं काम करतं, हे बघायचं.

"नैसर्गिकच का हवा?" या प्रश्नावर त्या जरा थबकल्या. बोलत गेलो तेव्हा त्या एका शब्दाखाली तीन मागण्या निघाल्या. एक, आग होऊ नये. दोन, डोकं धरेल असा सुगंध नको. तीन, अ‍ॅल्युमिनियम नको, कारण त्याने स्तनाचा कॅन्सर होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. पहिल्या दोन मागण्या कुणालाही पटतील अशा. तिसरीबद्दल मी सांगितलं ते असं: घामरोधकांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध आजवर सिद्ध झालेला नाही, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ते वापरावेत. तरीही नको असेल तर नको, त्यावर वाद घालणं माझं काम नाही. पण मग त्या पारदर्शक खड्याचं काय? तो खडा म्हणजे तुरटी. तुरटीचं रासायनिक नाव पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. न्हाव्याकडे दाढीनंतर फिरवतात तीच, गढूळ पाण्यात फिरवतात तीच. ज्या धातूला घाबरून त्यांनी तो खडा महाग किमतीला घेतला, तो धातू खड्यातच होता. डब्यावरच्या त्या ठळक अक्षरांचा बचाव असा करतात की घामरोधकातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार वेगळे. ते वेगळे आहेतच, घामाची वाट बुजवण्याचं काम तुरटी तशा रीतीने करत नाही. पण म्हणून 'फ्री' म्हणणं मला तरी लबाडी वाटते.

त्यांच्या सासूबाई गेली कित्येक वर्षं किराणा दुकानातली तुरटीच वापरत होत्या. हे कळल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की राग, मला सांगता येणार नाही.

कातडी

काही नवीन लावायच्या आधी काख बरी करणं भाग होतं. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४.५ ते ५.५. खाण्याच्या सोड्याचं द्रावण ८.३ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी. सोडा वासाची आम्लं मारतो हे खरं, म्हणूनच सुरुवातीला तो जादू केल्यासारखा वाटतो. पण काखेसारख्या घडीत, घर्षणात, रोज सकाळी तो घासला की कातडीचं वरचं कवच उसवतं. वर रेझर फिरवला असेल तर बघायलाच नको. काळेपणा बहुधा त्याचाच होता. तरी मान आणि काख दोन्हीकडे मखमलीसारखा जाड काळेपणा असेल तर ती वाढलेल्या इन्शुलिनची खूण असू शकते, म्हणून मान बघून घेतली. मान स्वच्छ होती. कडा असलेला, खाजणारा चट्टा असता तर नायट्याचा विचार करावा लागला असता. तसंही काही नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अशा काखेसाठी दुकानात मलम मागितलं की पुष्कळदा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवसांत आग थांबते, गिऱ्हाईक खूश. घडीतल्या पातळ कातडीत स्टेरॉइड जास्त मुरतं, कातडी आणखी पातळ होते, नायटा असेल तर तो दबून पसरतो. २०१८ मध्ये अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. तरी दिली जातात, आणि देणारे माझेच व्यवसायबंधू असतात.

या बाईंना मी फक्त थांबायला सांगितलं. सोडा बंद, खडा बंद, रेझर बंद, साबण सौम्य आणि रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. आग गेली नाही तर त्वचारोगतज्ज्ञ, हेही ठरवून ठेवलं. तशी वेळ आली नाही, एप्रिल लागला तोवर कातडी मऊ झाली. मधल्या दिवसांत वासाचं काय, तर कामावर जाताना नुसता कॅलामाइन लोशनचा हात. त्यात जस्ताचं संयुग असतं आणि जस्त वासाच्या कामाला जुनं आहे: अमेरिकेत १८८८ साली विकायला आलेला पहिला डिओ जस्ताच्याच संयुगाचा होता.

'डिओ सोडल्यावर काख विष बाहेर टाकते, म्हणून वास वाढतो' असंही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. काख विषबिष काही टाकत नाही, ते खातं यकृताकडे आणि मूत्रपिंडाकडे. घामरोधक सोडल्यावर दबलेले जिवाणू परत वाढतात, त्यांची आपापसातली प्रमाणं बदलतात आणि काही काळ वास जास्त येऊ शकतो, एवढंच.

युनिफॉर्म

खरा धागा सापडला तो कापडात, आणि तोही त्यांच्याच एका वाक्यातून. रविवारी घरी सुती गाऊनमध्ये वास येत नाही, असं त्या बोलून गेल्या. मी विचारलं, रविवारी काम कमी असतं म्हणून? "छे हो, रविवारी तर जास्त राबते. पापड, कुरडया, सगळं उन्हात."

मग धुतलेला, वाळलेला युनिफॉर्मचा शर्ट उलटा करून काखेच्या जागी इस्त्री फिरवायला सांगितली आणि वाफ निवायच्या आत वास घ्यायला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या त्या मान हलवतच. धुतलेल्या शर्टातून जुना वास भपकन वर आला होता.

युनिफॉर्म पॉलिस्टरचा. पॉलिस्टर पाणी धरत नाही, तेलकट पदार्थ मात्र घट्ट धरतं. काखेचा स्राव स्निग्ध, त्यामुळे वासाचे रेणू त्या धाग्यात घर करतात, गार पाण्यातल्या अर्ध्या तासाच्या वॉशमध्ये निघत नाहीत आणि अंगाच्या उबेने परत सुटतात. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले होते. सुतीपेक्षा पॉलिस्टरचे शर्ट जास्त वासट निघाले आणि त्यांवर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू चांगले पोसलेले होते. काखेत वास कमी करणारं काहीही लावा, शर्टात कालचं शिल्लक असेल तर दहाच्या चहाला ते वर येणारच. आजवरच्या प्रत्येक डबीला बाईंनी नापास केलं होतं, त्यात निम्मा दोष डबीचा नव्हताच.

युनिफॉर्म बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. धुणं होतं. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर आधी बंद, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि वास आतच राहतो. शर्ट उलटा करून कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं) घालून रात्रभर भिजवायचा, मग नेहमीसारखा धुवायचा आणि उलटाच कडक उन्हात टाकायचा. व्हिनेगरच्या पाण्यातही भिजवता येतो, पण व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच एकत्र कधीही करायचं नाही, त्यातून विषारी वायू सुटतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करण्याने जीव जात नाही, पण दोघं एकमेकांना मारून नुसता फेस उरतो. व्हिडिओत तो फेस बघून लोकांना वाटतं फार काहीतरी धुतलं जातंय.

दुसरा उपाय शिंपिणीने केला. ब्लाउजच्या काखेत आतून सुती तुकडा लावायची पद्धत आपल्याकडे जुनीच. युनिफॉर्मच्या शर्टांना तसेच मलमलचे तुकडे लावले, कच्च्या टाक्यांवर, म्हणजे काढून वेगळे उकळता येतील. पवननगरच्या त्या शिंपिणीने विचारलं म्हणे, कंपनी एवढा चांगला शर्ट देते आणि तुम्ही आतून पोतेरं काय लावता?

डावी काख, उजवी काख

आता काखेला काय लावायचं याची तुलना करता येणार होती. माणसाला निसर्गाने दोन काखा दिल्या आहेत, त्या एकाच दिवशी एकाच उन्हातून जातात, त्यांचं जेवणही एकच. एकीला एक, दुसरीला दुसरं. मोठ्या कंपन्या वास पारखायला माणसं तयार करून ठेवतात. आमच्याकडे नणंद होती. नवऱ्याने साफ नकार दिला होता, आणि नणंद उगाच गोड बोलणार नाही याची बाईंना खात्री होती. शिफ्ट सुटल्यावर प्रत्येक काखेत गॉजचा तुकडा काही मिनिटं दाबून धरायचा, दोन डब्यांत ठेवायचा, एका डबीला आतल्या बाजूने दोरा. दोरा कशाचा हे नणंदेला माहीत नाही. काही दिवसांनी बाजू बदलायच्या, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्याची उजवी काख मुळातच वेगळी असू शकते.

पहिली जोडी: तुरटी आणि काहीच नाही. तुरटी साधी, किराण्यातली. पूर्वी त्या कोरड्या काखेवर कोरडा खडा फिरवत होत्या, त्याने काही उतरतच नाही. खडा ओला करून आंघोळीनंतरच्या ओलसर काखेवर फिरवला आणि वाळू दिला, तेव्हा तुरटीची डबी बहुतेक दिवस जिंकली. फरक दुपारपर्यंत स्पष्ट, पुढे पुसट. अ‍ॅल्युमिनियमच्या भीतीचं काय, असं मी विचारलं नाही. सासूबाईंकडे बघून ती आपोआप विरली असावी.

दुसरी जोडी: उटण्याची पूड. रविवार कारंजाकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातून त्यांनी नागरमोथा, कपूरकाचरी आणि वाळा दळून आणला होता. नणंदेचा शेरा जसाच्या तसा: "पुढे दिवाळीची पहाट, मागे घाम." शिवाय भागांवर पावडर पडते म्हणून कारखान्यात असली पूड चालत नाही. वाळ्याच्या काड्या कपाटात गेल्या, तिथे त्या छान आहेत. लिंबाची फोड फिरवायचा सल्ला शेजारणीने दिला होता, तो मी परस्पर मोडीत काढला. नुकत्याच बऱ्या झालेल्या कातडीवर लिंबाचं आम्ल कशाला?

तिसरी जोडी: तुरटी आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया. हो, आम्लपित्तावर आणि बद्धकोष्ठावर घेतात तेच पांढरं औषध, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. ते वासाची आम्लं मारतं आणि अल्कधर्मी थरात जिवाणूंनाही फारसं आवडत नाही. तेही सोड्यासारखं अल्कधर्मी, किंबहुना पीएच जास्तच, मग ते कसं सोसतं? ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे एका वेळी कातडीला फार थोडं भिडतं. माझ्या पाहण्यात सोडा न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना ते सोसलं आहे, सगळ्यांना नाही. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. घेताना बाटलीवरचं वाचायचं: आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांत लिक्विड पॅराफिन मिसळलेलं असतं, काहींत गोडी आणि फळाचा स्वाद. ते काखेत नको. साधं, बिनस्वादाचं मागवावं लागतं; मीही मागवूनच दिलं. बाटली हलवून चार थेंब बोटावर, पातळ पसरायचं, वाळल्याशिवाय शर्ट घालायचा नाही.

नणंदेने बाजू बदलल्यावरही मॅग्नेशियाची डबी उचलली. शिफ्ट सुटेपर्यंत वास येत नव्हता असं नाही, पण तो नाक गॉजला लावल्यावर येत होता. काळ्या कुडत्यावर पांढरे डाग पडतात ही त्याची खोड, युनिफॉर्म करडा असल्याने तिथे खपून गेली.

"हे नैसर्गिक आहे का?" त्यांनी विचारलंच. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड खनिज म्हणून खडकात सापडतं, पण बाटलीतलं कारखान्यातच तयार होतं. खाण्याचा सोडाही तसाच. आग नाही, सुगंध नाही, अ‍ॅल्युमिनियम नाही, या तिन्ही मागण्या पुऱ्या होत होत्या. त्यांनी बाटली पिशवीत टाकली.

कांदा-लसणाचा विषय त्यांनीच काढला. लसणातली गंधकयुक्त संयुगं घामातून आणि श्वासातून बाहेर येतात, मेथीचाही वास घामाला लागतो, हे खरं आहे. पण त्यांचं माहेर निफाड तालुक्यातलं. लासलगावच्या बाजाराजवळ वाढलेल्या माणसाला कांदा सोडा म्हणण्याचं धाडस मी केलं नाही, आणि वास आटोक्यात आल्यावर गरजही उरली नाही.

पावसाळा

एप्रिल-मे निभावला. नाशिकचा उन्हाळा तापतो, पण कोरडा असतो. घाम आला तरी उडून जातो. जूनच्या मध्यावर पहिल्या चांगल्या पावसानंतर बाई परत आल्या: औषध तेच, धुणं तेच, वास परत. दमट हवेत काख दिवसभर ओली राहते आणि ओलीत जिवाणूंची चैन. त्यातून शर्ट घरात पंख्याखाली वाळत होते, त्यांना कुबट वास लागला होता तो वेगळाच.

इथे नवीन बाटली शोधायचा मोह त्यांना झाला, मला झाला नाही. जेवणाच्या सुट्टीत ओल्या नॅपकिनने काख पुसून, कोरडी करून, दोन थेंब परत लावायचे. सकाळचा थर न पुसता वर दुसरा थर दिला तर घाम, जिवाणू आणि औषध यांचा लगदा होतो. मलमलचे तुकडे दोन जोड केले, दुपारी बदलायला. शर्ट वाळवताना शेवटी इस्त्री पूर्ण कोरडा होईपर्यंत. काखेतले केस कात्रीने बारीक ठेवले, रेझर नाही. केस कमी की स्राव धरून ठेवायला जागा कमी. संध्याकाळी घरी गेल्यावर काखा साबणाने धुणं हेही तेव्हाच सुरू झालं, आधी धुणं फक्त सकाळी होतं.

एवढ्यावर पावसाळा बऱ्यापैकी गेला. ओव्हरटाइम लागला, शिफ्ट लांबली, की वास येतो. त्याचं त्यांनी फार मनावर घेतलेलं नाही. बसमध्ये त्या आता ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात, तिथे वारा लागतो म्हणून.

गणपतीच्या सुमारास त्यांनी कारखान्यातल्या एका मुलीला माझ्याकडे पाठवलं, तीच बाटली द्या म्हणून. मुलीचा शर्ट कमरेपर्यंत ओला होता, तळहातही ओले, नोटा भिजलेल्या. वास काहीच नव्हता. तिला मिल्क ऑफ मॅग्नेशियाचा उपयोग शून्य. तिला हवं होतं घाम रोखणारं, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडसारखं, आणि त्याआधी थायरॉइडची तपासणी. तिला बाटली दिली नाही, कॉलेज रोडवरच्या त्वचारोगतज्ज्ञांचा पत्ता दिला.